बाजाराच्या दिवसाचं काँक्रीट

एस्तेर,

तुझ्या दफनाच्या दिवशी चर्चमध्ये मला तिसऱ्या बाकावर जागा मिळाली, आणि मला त्याचा राग आला. पहिल्या बाकावर तुझी आई आणि घरची माणसं होती, ते बरोबरच होतं. दुसऱ्या बाकावर वैष्णवी होती आणि तिच्या शेजारी राहुरीच्या, पारनेरच्या, श्रीगोंद्याच्या आपल्या बायका. पाळकसाहेब प्रार्थना म्हणत होते आणि मी मान खाली घालून बायका मोजत होते. आपल्या कामातल्या, साइटवरच्या, प्रकल्पांवरच्या बायका. एकेचाळीसपर्यंत मोजल्या आणि सोडून दिलं, कारण त्यातल्या निम्म्या मी आयुष्यात पाहिलेल्या नव्हत्या. अकरा वर्षं मी तुझ्याबरोबर काम केलं, आणि तुझ्यासाठी हुंदके देणाऱ्या इतक्या बायका मला अनोळखी होत्या. मला रडू येत नव्हतं. मला वाटत होतं, या सगळ्यांना सांगावं की सरका जरा, मी हिला तुमच्या आधीपासून ओळखते.

वैष्णवीने त्यानंतर निरोप पाठवला. "मॅडम, ताईंवर एक पान लिहून द्या. जन्म, शिक्षण, केलेली कामं. फोटोखाली छापू." बघ, तू ताई आणि मी मॅडम. एकाच वयाच्या आपण, एकाच हुद्द्याच्या. ते पान तिचं तिलाच लिहू दे. तुझा जन्म कुठला आणि पदविका कुठली हे मला माहीत आहे, पण त्यात मला काही सांगायचं नाही. मला जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे, आणि ते सांगायला मला उशीर झाला. त्या शेवटच्या सकाळी साइटवर निघताना पायरीवर बसून तू बुटाची नाडी बांधत होतीस. आईने आतून विचारलं, डबा घेतलास का. तू उत्तर दिलं नाहीस; ती बाहेर आली तोवर सगळं संपलं होतं. तुझ्या आईने मला हे तीनदा सांगितलं. तिला अजून वाटतं की तू डब्याचं उत्तर द्यायची राहिली आहेस.

मी सुरुवात त्या काँक्रीटपासून करते.

श्रीगोंद्याजवळच्या त्या साखर कारखान्याचं विस्ताराचं काम. मी नियोजनाला होते, तू साइटवर. कारखान्याच्या कामाला एकच तारीख खरी असते, बॉयलर पेटवायची. ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या आत सगळं उभं पाहिजे. मी चार महिन्यांचं वेळापत्रक केलं होतं, भिंतीएवढ्या कागदावर, एकेक दिवस चौकोनात बसवलेला. पावसाचे दिवस धरले होते, सणाच्या सुट्ट्या धरल्या होत्या, क्रेन नादुरुस्त होईल तो दिवससुद्धा धरला होता. मोठे साहेब आलेल्या पाहुण्यांना तो कागद दाखवायचे. मला आयुष्यात कधी इतका अभिमान वाटला नव्हता.

आणि टर्बाइनच्या पायाचं काँक्रीट मी काष्टीच्या बाजाराच्या दिवशी ठेवलं.

अर्धा पाया भरला आणि पुढच्या मिक्सरच्या गाड्या आल्याच नाहीत. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. ड्रायव्हर फोन उचलेनात. मग फाटकाजवळच्या टपरीवरच्या कांताबाई पदराला हात पुसत तुझ्याकडे आल्या. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे.

"ओ बाई, तुमच्या त्या गोल फिरनाऱ्या गाड्या न्हाई यायच्या आता. काष्टीत जनावरांच्या टेम्पोत आडकल्यात. माझा भाव म्हशी घिऊन तितंच हाय, त्याचाच फोन हुता."

"आज बाजार आहे?" मी विचारलं.

कांताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं, आज सूर्य उगवला का. "दर आठवड्याला असतो की ओ," त्या म्हणाल्या.

तू मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून काष्टीला गेलीस. कांताबाईंच्या भावाला गाठलंस, त्याने चार दलालांना गाठलं, आणि म्हशींचे टेम्पो बाजूला काढून तू गाड्या आणल्यास. पण तोवर उशीर झाला होता. आधी ओतलेलं काँक्रीट आवळलं होतं, नवं त्याला धरणार नव्हतं. पाया फोडावा लागला. आठ दिवस ब्रेकरचा आवाज चालू होता, आणि मी माझ्या भिंतीवरच्या कागदाकडे पाठ करून बसत होते. तू मला दोष दिला नाहीस. फक्त एकदा, डबा खाताना म्हणालीस, "सुमे, तुझ्या तक्त्यात चौकोन लई चांगले आहेत गं. त्या चौकोनात कोण येऊन बसणार, तेवढं मला विचारत जा."

आपलं भांडण तेव्हा सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, ओळखी म्हणजे काम नव्हे. ज्याचं काम चोख आहे त्याला ओळखीची गरज पडू नये. तू म्हणायचीस, "पडू नये, पण पडते ना बाई." पुरुष मीटिंग संपल्यावर टपरीवर थांबतात, तिथे खरी मीटिंग होते. कुठलं काम निघणार, कुणाला माणूस पाहिजे, कुठल्या कंत्राटदारापासून लांब राहायचं, हे सगळं तिथे उभ्या उभ्या ठरतं. तोवर आपण बस पकडायला निघालेलो असतो. "आपलीपण एक टपरी पाहिजे," तू म्हणालीस.

म्हणून नगरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, टपरी सुरू झाली. ती खोली मी मिळवली होती. कॉलेजात असल्यापासून मी त्या वाचनालयाची सभासद, ग्रंथपाल बाई मला ओळखत होत्या. माझ्या आयुष्यातली ही एक ओळख कामी आली, आणि ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. तुला आठवत होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी आपण सात जणी होतो. पाणीपुरवठ्याच्या कामावरची एक, रस्त्याच्या कामावरची एक, शीतगृह बांधणाऱ्या कंपनीतली एक, अशा. सगळ्या सरळ बसलेल्या, पर्स मांडीवर. तू नियम सांगितलेस. पहिला, ज्या कामाला आपण जाऊ शकत नाही त्याला दुसऱ्या दोन बायकांची नावं त्याच दिवशी द्यायची. दुसरा, दर वेळी एकीने उभं राहून आपल्या कामातली एक चूक सांगायची. तिला कुणी 'जाऊ दे' म्हणायचं नाही, समजूत घालायची नाही. बाकीच्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "पुढच्या वेळी काय करशील?" आणि तिने उत्तर द्यायचं.

कुणी उठेना. मग तूच उठलीस.

"मी," तू म्हणालीस, "टर्बाइनचं काँक्रीट बाजाराच्या दिवशी ठेवलं."

आणि तू सगळं सांगितलंस. म्हशी, दलाल, कांताबाईंचा चेहरा, 'दर आठवड्याला असतो की ओ'. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पर्स मांडीवरून खाली गेल्या. रस्त्याच्या कामावरची म्हणाली, "ताई, मग पुढच्या वेळी काय करशील?" तू म्हणालीस, "आधी टपरीवर चहा पिईन, मग वेळापत्रक करीन." त्या क्षणी तू त्यांची ताई झालीस. माझ्या चुकीवर. मी कोपऱ्यात वही घेऊन इतिवृत्त लिहीत होते. मी लिहिलं, 'एस्तेर: बाजाराचा दिवस.' ते पान आजही आहे. पेनाने कागद थोडा फाटला आहे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "ती चूक माझी होती."

"अगं, तू बोलली नसतीस. कुणीतरी पहिलं बोलायला नको?"

"मग तुझी एखादी सांगायचीस."

"माझ्या ढीगभर आहेत," तू म्हणालीस, "पण एवढी चांगली एकपण नाही."

तू मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. मला वाटलं, हिने माझी चूकसुद्धा घेतली. माझ्याकडून झालेली लोकांना सांगण्यासारखी एकुलती एक गोष्ट, आणि तीही आता हिच्या नावावर लागली. पुढे दर नव्या मुलीला ती गोष्ट सांगितली जायची, 'ताईंचा बाजार' म्हणून. सात वर्षांत मी ती किती वेळा ऐकली असेन. दर वेळी त्यात एक म्हैस वाढायची.

हेवा हा शब्द मी त्या वेळी वापरत नव्हते. मी म्हणायचे, एस्तेर जरा उथळ आहे. पुण्याच्या त्या परिषदेत, आठवतं, जेवणाच्या वेळी मी ताट घेऊन खांबाजवळ उभी होते आणि भिंतीवर लावलेली आग विझवण्याची सूचना दुसऱ्यांदा वाचत होते. तेवढ्या वेळात तू तीन टेबलं फिरलीस. मग माझं कोपर धरून मला ओढत नेलंस. "ही सुमेधा. हिच्या तक्त्याशिवाय माझी एक भिंत उभी राहत नाही." त्या बायका माझ्याकडे पाहून हसल्या आणि परत तुझ्याकडे वळल्या. त्यातल्या एकीने पुढे मला चांगलं काम दिलं. मी तुझे आभार मानले नाहीत. मला एवढंच आठवत राहिलं की माझी ओळख करून देताना वाक्य तुझ्या भिंतीवर संपलं होतं.

नाताळला तू करंज्यांचे डबे वाटायचीस, मला सगळ्यात मोठा. मी घरी जाऊन विचार करायचे, वैष्णवीला केवढा दिला असेल?

वैष्णवीबद्दलही सांगते. पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती तीन तालुक्यांतल्या सहा शाळांत शिकलेली. पहिल्यांदा टपरीवर आली तेव्हा दारातच उभी राहिली. "मी फकस्त सुपरवायझर हाय," ती म्हणाली. "इंजिनियर न्हाई. बसू का?" तू खुर्ची सरकवलीस आणि म्हणालीस, "कारखान्यावर उसाची गाडी किती वेळ थांबते, हे या खोलीत तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तू बस, आम्ही उभ्या राहतो." मुलगी रडायला लागली. मी इतिवृत्तात लिहिलं, 'नवीन सदस्य एक.' अकरा वर्षांत माझ्यासाठी तू असं वाक्य बोलली नव्हतीस. मला त्याची गरज दिसत नव्हती, हे तुझं कारण असेल. खरंच ती दिसत नव्हती. मी ती दिसू दिली नव्हती.

आता ते सांगते.

राजूरच्या बाजूला डोंगरातल्या वाड्यांना पाणी चढवायची योजना निघाली, त्याला प्रकल्पप्रमुख पाहिजे होता. तुला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की नाव पक्कं व्हायच्या आधीच तू राजूरला जाऊन बाजारातून गुडघ्याएवढे गमबूट घेऊन आलीस. टपरीवर घालून दाखवलेस. सगळ्या हसत होत्या आणि तू खोलीभर फटाक फटाक चालत होतीस. "सुमे, सगळ्यात वरच्या वाडीत नळ सोडायला तुला नेणार," म्हणालीस.

त्यानंतर दोन दिवसांनी मला फोन आला. त्या योजनेच्या कंपनीचे गृहस्थ होते, सभ्य बोलणारे. "एस्तेर मॅडमबरोबर आपण बरीच वर्षं काम केलंय. त्यांच्याविषयी काय सांगाल?"

मी म्हणाले, "काम चांगलं आहे."

मग मी थांबले. एस्तेर, मी शब्द शोधत नव्हते. मी वाट पाहत होते की त्या थांबण्याचा त्यांना अर्थ लागावा.

"पण?" त्यांनी विचारलं.

"कागदपत्रं जरा उशिरा येतात," मी म्हणाले. "माणसांत फार रमतात त्या."

"समजलं," ते म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. तुझे अहवाल उशिरा यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी कुठेही शपथेवर तेच सांगू शकले असते. म्हणूनच मला ते इतके दिवस पचवता आलं. मी सांगितलं नाही की तू ज्या माणसांत रमतेस त्यांच्यामुळे तुझी कामं वेळेत होतात. मी सांगितलं नाही की म्हशींच्या टेम्पोंतून तू गाड्या काढून आणल्या होत्यास. ते काम नाशिकच्या एका गृहस्थांना मिळालं. तू एका टपरीला गप्प होतीस आणि पुढच्या आठवड्यात त्याच योजनेवर सुपरवायझर म्हणून वैष्णवीचं नाव दिलंस. तिला घेतलं. गमबूटही तिला दिलेस. आणि ऐक, मी किती खाली गेले होते ते: त्या गमबुटांचाही मला हेवा वाटला. माझ्या पायाला ते मोठे झाले असते.

महिन्याभराने तू माझ्याकडे आलीस. खुर्चीवर बसलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "सुमे, माझे कागद खरंच उशिरा येतात का गं?"

"थोडे," मी म्हणाले.

"मग तोंडावर सांगत जा की," तू म्हणालीस, आणि पिशवीतून एक फाईल काढून माझ्यासमोर ठेवलीस. "हे बघ. कुठे चुकतं ते दाखव."

तुला कळलं होतं का? मी त्या वाक्यावर दोन वर्षं विचार करते आहे. तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं, किंवा मला वाचता आलं नाही. माणसं वाचणं हे तुझं काम होतं, माझं नव्हे. त्यानंतर दर शुक्रवारी तू फाईल घेऊन यायचीस. मी लाल पेनाने खुणा करायचे, तू शेंगा सोलत बसायचीस आणि तुझा फोन सारखा वाजायचा. कधी कधी तू तो उलटा करून ठेवायचीस. एस्तेर, ते शुक्रवार माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. त्या दोन तासांत तू एकटी माझी असायचीस, आणि त्याला कारण माझं ते वाक्य होतं. हे मला कळत होतं आणि तरी मी शुक्रवारची वाट पाहायचे. शेवटच्या वर्षी तुझा एकही अहवाल उशिरा गेला नाही. आणि आता तुझ्याविषयी विचारणारा फोन कुणाला येणार नाही.

दर शुक्रवारी मी ठरवायचे, आज सांगू. तू शेंगांची टरफलं गोळा करून उठायचीस. मी म्हणायचे, पुढच्या शुक्रवारी.

काल दुसरा शनिवार होता. तुझ्यानंतरची पहिली टपरी. तुझी खुर्ची रिकामी ठेवावी असं कुणीतरी म्हणालं, पण इतक्या जणी आल्या की खुर्च्याच कमी पडल्या, आणि तुझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगी बसली. घोडेगावच्या रस्त्याच्या कामावर नुकती लागलेली. तुला ते आवडलं असतं. वैष्णवी राजूरहून पहाटेच्या गाडीने आली होती. तिने डोळे पुसले आणि त्या मुलीला सांगायला सुरुवात केली, "आमच्या ताईंनी एकदा काय केलं, टर्बाइनचं काँक्रीट ठेवलं बाजाराच्या दिवशी..."

"वैष्णवी," मी म्हणाले. "ते मी ठेवलं होतं."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सात वर्षांत मी त्या खोलीत उभी राहिले नव्हते. मी उभी राहिले. पेन माझ्या हातातच होतं, त्या नव्या मुलीने माझ्या मांडीवरून सरकलेली वही उचलली आणि हळूच म्हणाली, "मी लिहिते, मॅडम."

मी काँक्रीटचं सांगितलं. कुणी हसलं नाही. मग मी म्हणाले की ही माझी लहान चूक आहे, आणि मोठी सांगितली. फोन, माझं थांबणं, 'माणसांत फार रमतात'. मी वाक्यं जशीच्या तशी सांगितली. मला ती पाठ आहेत.

कुणी 'जाऊ दे' म्हणालं नाही. तू केलेला नियम त्यांनी पाळला. पण नियम नसता तरी काल कुणी म्हणालं नसतं. वैष्णवीचा चेहरा लाल झाला होता. तिच्यावर योजनेची वरची वाडी सोपवली आहे, पुढच्या महिन्यात तिथे पाणी चढणार आहे. तिथे कोण असायला हवं होतं, हे तिच्या मनात आलं असेल. आणि तुला खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला तुझा हेवा वाटला. माझ्यासाठी कुणी कुणावर असं रागावेल असं मला वाटत नाही.

मग तिने विचारलं. आवाज मऊ नव्हता.

"पुढच्या वेळी काय कराल, मॅडम?"

"पुढची वेळ नाही, वैष्णवी," मी म्हणाले. "ती गेली."

"नियम हाय," ती म्हणाली. "उत्तर द्यायचं असतं."

पेनाचं टोपण मी काढत होते आणि लावत होते. माझ्या वह्यांत ही उत्तरं पानोपानी आहेत, सगळी दुसऱ्यांची. नवी मुलगी वहीवर हात ठेवून वाट पाहत होती.

"त्यांनी विचारलं, एस्तेरविषयी काय सांगाल," मी म्हणाले, "तर मी सांगेन, तिलाच घ्या. तिचे कागद उशिरा येतील. ते मी बघते."